कमरेखालची खळगी आणि तान्ह्या बाळाच्या मणक्याची सोनोग्राफी: खान्देशातल्या सेवेचं परीक्षण

पाचपैकी साडेतीन. तपासणीला पाच, तिच्या रिपोर्टला तीन आणि रिपोर्टनंतर घरच्यांना जे काही सांगितलं जातं त्याला जेमतेम अडीच, अशी ती सरासरी आहे.

जन्मानंतरच्या तपासणीत डॉक्टर बाळाला पालथं करतात, पाठीवरून बोट फिरवतात आणि नितंबांच्या फटीच्या वरच्या टोकाशी खळगी दिसली की डिस्चार्ज कार्डावर ‘मणक्याची सोनोग्राफी’ एवढे दोन शब्द लिहितात. खळगीखाली मणक्यात, त्यातल्या मज्जारज्जूत काही दोष नाही ना, हे पाहायला ती असते. घरच्यांचा जीव तिथपासून टांगणीला लागतो. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार इथे सोनोग्राफी सेंटरना तोटा नाही. पण मुतखडा किंवा गरोदर बाईचं पोट पाहणं वेगळं, पंधरा दिवसांच्या बाळाचा मणका पाहणं वेगळं. हे परीक्षण कुठल्या एका सेंटरचं नाही. या सेवेसाठी पैसे मोजताना काय मागून घ्यायचं, कुठे फसगत होते आणि निकाल अधांतरी राहिला तर मधले आठवडे कसे काढायचे, हे त्यात आहे.

आधी, ती लागते का?

पुष्कळदा नाही. शंभरातल्या दोन-चार बाळांना अशी खळगी असते आणि त्यातल्या बहुतेकांचा मणका ठणठणीत असतो. साधी खळगी ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत: ती बरोबर मध्यरेषेवर असते, ५ मिलिमीटरपेक्षा रुंद नसते, गुदद्वारापासून २.५ सेंटिमीटरच्या आत, म्हणजे इंचभराच्या आत असते, एकच असते, कातडी हलक्या हाताने बाजूला केली की तिचा तळ दिसतो आणि आसपास दुसरं काही नसतं. अशा बाळाला सोनोग्राफीवाचून काही अडत नाही. शंका फेडायला केली तर इजाही नाही, कारण यात किरणोत्सर्ग नाही, सुई नाही, भूल नाही.

सोनोग्राफी लागतेच ती वेगळ्या बाळांना. खळगी वर, कमरेच्या दिशेला आहे. रुंद आहे किंवा तळ दिसत नाही. दोन आहेत. तिच्यातून पाणी किंवा पू झिरपतो. शेजारी केसांचा झुबका आहे, लाल चट्टा आहे, मऊ चरबीची गाठ आहे, शेपटीसारखा कातडीचा तुकडा आहे, किंवा नितंबांची फट सरळ न जाता एका बाजूला वळते वा वाय अक्षरासारखी दुभंगते. गुदद्वाराची जन्मजात विकृती असलेल्या बाळालाही खळगी नसली तरी ही तपासणी सांगतात.

दोन गोष्टी मात्र विनाकारण घाबरवतात. आपल्याकडच्या कितीतरी बाळांच्या कमरेवर निळसर-काळपट डाग असतो. तो कातडीच्या रंगद्रव्याचा, मणक्याशी त्याचा संबंध नाही, आणि काही वर्षांत तो फिकट होतो. दुसरी, पाठभर पसरलेली बारीक लव. एका जागी जमलेला लांब केसांचा झुबका वेगळा, ही लव वेगळी.

खळगीचा फोटो घरीच काढून ठेवावा. बाळ पालथं, दिवसाचा उजेड, शेजारी शाळेची पट्टी धरलेली. हा एक फोटो डॉक्टरांना फोनवरच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो. खळगीत कापसाची काडी घालू नये, हळद-तेल भरू नये, पावडर दाबू नये. क्वचित ती खळगी म्हणजे आत मज्जारज्जूच्या आवरणापर्यंत गेलेली बारीक वाट असते आणि बाहेरची घाण त्या वाटेने आत जाऊन मेंदुज्वर होऊ शकतो.

वेळ: इथेच बहुतेकांचं चुकतं

ही तपासणी पहिल्या तीन महिन्यांतली आहे. तान्ह्या बाळाच्या मणक्याच्या मागच्या कमानी अजून कूर्चेच्या असतात, त्यामुळे ध्वनिलहरी त्यांतून आरपार जातात आणि आतला मज्जारज्जू दिसतो. चौथ्या महिन्यापासून कमानी हाडाच्या होत जातात, लहरी अडतात, चित्र तुकड्यातुकड्यांचं होतं. सहा महिन्यांच्या बाळाची सोनोग्राफी करून ‘नीट दिसत नाही, एमआरआय करा’ एवढंच हाती येतं आणि पैसे दोनदा जातात.

आपल्याकडे ही मुदत हातोहात निसटते. पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिना बाळाला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, मग बारसं, मग सासरी पाठवणी. माहेर चोपड्याला, सासर साक्रीला आणि बाळाचा बाप सुरतेला कामावर असला तर चिठ्ठी कोणाच्या पिशवीत आहे हेही कळेनासं होतं. म्हणून तारीख डिस्चार्जच्या आधीच ठरवून घ्यावी. निकडीची खूण नसेल तर दोन ते सहा आठवड्यांमधला कुठलाही दिवस चांगला: बाळ लहान असतं, दूध पिऊन झोपतं आणि चित्र स्वच्छ येतं. सव्वा महिन्याचा नेम मोडायचा नसेल तर तो संपल्याच्या दुसऱ्या दिवसाची वेळ घ्या, पण ती आधी घ्या.

खळगीतून स्राव येत असेल किंवा पाय कमी हलत असतील, तर मात्र सव्वा महिना वगैरे काही नाही. त्याच दिवशी निघायचं.

बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल तर जन्माच्या वेळचे आठवडे चिठ्ठीवर लिहून घ्या. अशा बाळांचा मज्जारज्जू सुरुवातीला थोडा खाली संपलेला दिसू शकतो. रेडिओलॉजिस्टला हे ठाऊक नसेल तर साध्या गोष्टीवर शंकेचा शिक्का बसतो.

फोनवरच निम्मं काम

अपॉइंटमेंट घेताना विचारायचं पहिलं: लहान बाळांसाठी हाय-फ्रिक्वेन्सी लिनियर प्रोब (अंगावर फिरवायचा मशीनचा भाग) आहे का? पोटाच्या सोनोग्राफीचा गोलसर प्रोब खोलवर पाहायला असतो, बाळाच्या पाठीत तो नुसता धुरकट पट्टा दाखवतो. इथे ७ ते १२ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून जास्तीचा सपाट प्रोब लागतो. थायरॉइड आणि हातापायांच्या शिरा पाहणाऱ्या सेंटरकडे तो असतोच, तेव्हा ‘मशीन नाही’ ही अडचण क्वचित येते. खरी अडचण हाताची. म्हणून दुसरा प्रश्न: बाळाच्या मणक्याची सोनोग्राफी स्वतः कोण करतं, आणि ते डॉक्टर कुठल्या वारी असतात? तालुक्याच्या गावी रेडिओलॉजिस्ट ठरावीक वारीच येतात, हे ध्यानात घ्या. तिसरा प्रश्न थोडा धिटाईचा आहे, पण विचाराच: रिपोर्टमध्ये कोनसची पातळी, म्हणजे मज्जारज्जूचं खालचं टोक कितव्या मणक्याशी संपतं ते, लिहून मिळेल ना? काउंटरवरच्या मुलीला उत्तर देता आलं नाही तर चालेल, तिने आत विचारून सांगितलं तर उत्तमच. ‘तुम्ही या तर खरं, बघू’ असं ऐकू आलं तर दुसरं सेंटर पाहा. दर प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, तोही याच फोनवर विचारून घ्या. पण पाच-पन्नास रुपयांच्या फरकासाठी अनुभवी हात सोडू नका.

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. सकाळची पहिली वेळ मागा. दुपारच्या एसटीतून भाजून आलेलं बाळ टेबलावर शांत पडणार नाही. आणि सोनोग्राफीच्या खोलीतला एसी नेमका उलटी शिक्षा करतो, तेव्हा बाळाला उघडं करण्याआधी तो कमी करायला सांगा. यात संकोच कसला?

टेबलावर काय होतं

बाळाला बरोबर निघण्याआधी नाही, तर तपासणीच्या अगदी तोंडावर पाजायचं. उपाशी आणायची गरज नाही. चिठ्ठ्यांवरच्या ‘उपाशीपोटी’च्या छापील शिक्क्याने इथे घोळ होतो: आई बाळाला दोन तास ताटकळत ठेवते आणि मग ते टेबलावर रडून गोंधळ घालतं. रडणाऱ्या बाळाची पाठ ताठ होते, प्रोब घसरतो आणि जे हलताना पाहायचं ते दिसत नाही.

बाळाला पालथं ठेवतात, पोटाखाली टॉवेलची गुंडाळी. त्यामुळे कंबर किंचित गोल होते आणि दोन मणक्यांमधली फट उघडते. डोकं थोडं वर असलं तर पाठीच्या आवरणातलं पाणी खाली उतरतं आणि खालचा भाग आणखी स्पष्ट होतो. काही डॉक्टर बाळाला आईच्या खांद्याशी किंवा कुशीवर धरूनही करतात, तेही चालतं. जेल कोमट हवं. गार जेल पाठीला लागताच झोपलेलं बाळ दचकतं आणि पुढची दहा मिनिटं वाया जातात.

मग प्रोब आधी उभा, मग आडवा फिरतो. पडद्यावर मज्जारज्जू काळपट दिसतो, त्याच्या मधोमध आणि कडांना पांढऱ्या रेषा. खाली तो गाजरासारखा निमुळता होत संपतो. ते टोक म्हणजे कोनस. त्याच्यापुढे नसांचा जुडगा आणि मधून जाणारा एक बारीक धागा, फायलम. निरोगी बाळात या नसा स्थिर नसतात: श्वासाबरोबर, नाडीबरोबर हलकेच डोलतात. हे डोलणं मुद्दाम पाहावं लागतं, त्यासाठी प्रोब एका जागी काही सेकंद स्थिर धरावा लागतो. प्रोब सतत सरकत राहिला आणि तपासणी दोन मिनिटांत उरकली, तर नसांची हालचाल पाहिली गेली नाही असं समजा. नीट केलेल्या तपासणीला दहा-पंधरा मिनिटं लागतात.

सर्वांत जिकिरीचं काम म्हणजे मणके मोजणं. कोनस कुठे संपतो हे सांगायचं तर तो मणका कितवा हे आधी ठरवावं लागतं. कोणी शेवटच्या बरगडीपासून खाली मोजतं, कोणी माकडहाडापासून वर, कोणी कमरेचा आणि त्रिकास्थीचा (कमरेखालच्या त्रिकोणी हाडाचा) सांधा पकडून. काही बाळांना बरगड्यांची जोडी एखादी कमी-जास्त असते, काहींचा कमरेचा शेवटचा मणका त्रिकास्थीत मिसळलेला असतो. एकाच पद्धतीवर विसंबलं की आकडा एका मणक्याने चुकतो आणि चांगल्या बाळावर ‘खाली उतरलेला कोनस’ असा ठपका येतो. शंका असली तर दोन पद्धतींनी मोजणारे डॉक्टर आमच्या लेखी चांगले.

रिपोर्ट: पैसे खरे याचे

‘मणका नॉर्मल. कृपया क्लिनिकली पडताळा.’ एवढाच रिपोर्ट म्हणजे तोंडाला पानं पुसणं. यावर बालरोगतज्ज्ञ काही ठरवू शकत नाहीत, न्यूरोसर्जन तर नाहीच, आणि चार महिन्यांनी दुसऱ्या कोणी विचारलं की सगळं पहिल्यापासून सुरू.

रिपोर्टमध्ये कोनस कुठल्या मणक्याजवळ संपतो ते आकड्यासह हवं. पहिल्या-दुसऱ्या लंबर, म्हणजे कमरेच्या, मणक्याच्या आसपास, म्हणजे एल१-एल२ला, तो बहुतेक बाळांत असतो. एल२-एल३च्या चकतीपर्यंत ठीक मानतात. एल३ आला की सीमारेषा, त्याखाली गेला की पुढची तपासणी. फायलमची जाडी मिलिमीटरमध्ये हवी, २च्या आत असली की निश्चिंत. नसांची हालचाल दिसली की नाही हे वाक्य हवं. आत चरबीची गाठ, पाण्याची पोकळी आहे का, आणि खळगीपासून आत जाणारी वाट दिसते का, दिसत असेल तर ती कुठवर जाते, हेही हवं. माकडहाडाच्या टोकापर्यंतच जाणारा तंतूसारखा पट्टा बऱ्याच साध्या खळग्यांखाली असतो आणि तो निरुपद्रवी असतो. तीच वाट वर जाऊन आवरणाला भिडत असेल तर गोष्ट वेगळी. शेवटी, बाळाचं त्या दिवशीचं वय, आणि चित्र अपुरं असेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. ‘बाळ रडत होतं, नसांची हालचाल पाहता आली नाही’ असं प्रामाणिकपणे लिहिणारा रिपोर्ट हा ‘नॉर्मल’ लिहून मोकळ्या होणाऱ्या रिपोर्टपेक्षा लाखपट बरा.

काही शब्द वाचून आईबापांच्या तोंडचं पाणी पळतं आणि त्यात पळण्यासारखं काही नसतं. ‘फायलर सिस्ट’ ही फायलमच्या सुरुवातीची पाण्याची छोटी पोकळी, बाकी सारं ठीक असेल तर तिला सामान्य भिन्नता मानतात. ‘व्हेंट्रिक्युलस टर्मिनॅलिस’ म्हणजे कोनसच्या आतली बारीकशी पोकळी, तिचंही तसंच. रिपोर्टमध्ये हे आलं तर शेजारीच ‘सामान्य भिन्नता’ असं लिहून घ्या. रात्री मोबाइलवर त्या शब्दाचा शोध घेत बसण्यापेक्षा सेंटर सोडायच्या आधी काउंटरवर पाच मिनिटं थांबणं सोपं.

फिल्म किंवा कागदी प्रिंट पुरेशी नाही. सीडी किंवा पेन ड्राइव्हवर मूळ प्रतिमा आणि हालचालीची छोटी क्लिप मागा. फिल्मचा व्हॉट्सअॅपवर पाठवलेला तिरपा फोटो पाहून कोणी जबाबदार न्यूरोसर्जन मत देणार नाही.

आणि मणक्याचा एक्स-रे? तान्ह्या बाळात याचा उपयोग नाही, कारण जे पाहायचं ते अजून हाडाचं झालेलंच नाही. मोठ्या माणसांच्या एक्स-रेमध्ये ‘स्पायना बायफिडा ऑकल्टा’ (कातडीखाली मणक्याची मागची कमान पुरती न जुळलेली) असा शेरा सहज येतो आणि बहुतेकांना आयुष्यभर त्याचा त्रास नसतो. त्या शेऱ्याच्या आठवणीने काका-मामांनी बाळाबद्दल निकाल देऊ नये.

एमआरआय सांगितला तर

कोनस खाली आहे, फायलम जाड आहे, आत गाठ किंवा वाट आहे, किंवा बाळ मोठं होऊन सोनोग्राफीची मुदत गेली, तर एमआरआय. इथे दोन पद्धती आहेत आणि दोन्हींच्या सूचना एकमेकींच्या अगदी उलट असतात, हे कोणी नीट सांगत नाही.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला बऱ्याच ठिकाणी भुलीशिवाय करता येतो: तीनेक तास दूध लांबवायचं, तपासणीच्या अर्धा-पाऊण तास आधी पोटभर पाजायचं, कपड्यात घट्ट गुंडाळायचं, कानांना संरक्षण लावायचं आणि झोपलं की आत न्यायचं. मोठ्या बाळाला भूल किंवा गुंगी लागते आणि तिथे पोट रिकामं हवं: आईचं दूध ४ तास आधी बंद, डब्याचं किंवा गाई-म्हशीचं दूध ६ तास आधी बंद. पाण्याचं भूलतज्ज्ञांना विचारायचं. वेळ घेतानाच ‘पाजून आणायचं की उपाशी?’ हे विचारून कागदावर लिहून घ्या. भुलीच्या बाळाला आजीने मायेने दोन चमचे दूध पाजलं की तपासणी रद्द होते, आणि ती रद्द करणंच योग्य असतं, कारण भुलीत उलटी श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतते.

मशीनच्या खोलीत जाण्याआधी बाळाच्या अंगावरचं सगळं काढायचं: वाळे, बिंदल्या, कडदोरा, ताईत, झबल्याला लावलेली सेफ्टी पिन. काळ्या दोऱ्यात ओवलेला मणी कशाचा आहे ते माहीत नसेल तर दोरा कापा. आईने बाळाबरोबर आत थांबायचं असेल तर तिचं मंगळसूत्र आणि जोडवीही बाहेर. जोडवी निघत नसतील तर घरूनच साबणाचं पाणी लावून काढून या, ऐनवेळी ओढाताण नको.

काहीही लक्षण नसलेल्या बाळात नुसतं फायलम जाड असेल तर शस्त्रक्रिया आताच करावी की वाट पाहावी यावर न्यूरोसर्जनांमध्येच मतभेद आहेत. दुसरं मत घेतल्याने पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही. आत जाणारी वाट असेल तर मात्र लक्षणांची वाट न पाहता ती काढून टाकण्याकडेच कल असतो, कारण तिथे धोका संसर्गाचा आहे.

मधले आठवडे

सेवेतला सर्वांत कच्चा भाग हा. ‘सहा आठवड्यांनी या’ म्हणून पाठवतात, पण त्या सहा आठवड्यांत काय पाहायचं ते सांगत नाहीत. त्यामुळे आई दिवसातून वीस वेळा खळगी उघडून पाहते आणि पाहण्यासारखं जे आहे ते राहून जातं.

पाहायचे ते पाय. बाळ उघडं, जागं आणि खुशीत असताना दोन्ही पाय सारखे झाडतं का, एक पाऊल आत वळलेलं आहे का, एक पोटरी बारीक दिसते का. आठवड्यातून एकदा मिनिटभराचा व्हिडिओ करून ठेवा, रोज नको. लघवीसाठी डायपर शत्रू आहे, तो सगळं लपवतो. दिवसातले काही तास सुती लंगोट बांधा: निरोगी बाळ काही वेळ कोरडं राहतं आणि मग एकदम ओलं करतं. लंगोट सतत थोडाथोडा ओला होत असेल, रडताना किंवा उचलताना थेंब गळत असतील, लघवीला धार नसेल, तर लिहून ठेवा आणि दाखवा. पुन्हा पुन्हा लघवीचा संसर्ग होत असेल तर तेही सांगा.

डोक्याचा घेर न ताणणाऱ्या एकाच टेपने, कपाळाच्या उंचवट्यावरून आणि मागच्या सर्वांत फुगीर भागावरून मोजायचा. पहिल्या तीन महिन्यांत तो दरमहा साधारण २ सेंटिमीटर वाढतो, पुढच्या तीन महिन्यांत दरमहा १. हे मुख्यतः उघडी विकृती, म्हणजे मणका न मिटता पाठीवर उघडी गाठ, असलेल्या बाळांत महत्त्वाचं आहे, पण नोंद कोणाच्याही फाइलमध्ये वाया जात नाही.

मालीश बंद करायची गरज नाही. न्हाऊ घालणाऱ्या बाईला एवढंच सांगा: कमरेखालच्या भागावर अंगठे दाबायचे नाहीत, खळगीत तेल मुरवायचं नाही, पाय धरून बाळाला उलटं लोंबकळवायचं नाही. शेवटचं तर कुठल्याच बाळाला करू नये. लसी वेळेवर चालू ठेवा, या तपासणीसाठी एकही लस पुढे ढकलायची नसते.

ताप आणि चिडचिड, टाळू फुगलेली, खळगीभोवती लाली किंवा स्राव, पाय हलवणं कमी झालेलं: यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. गाडी नसेल तर १०८.

घरातल्या बोलण्याचंही सांगितलं पाहिजे. ‘ग्रहणात भाजी चिरली असशील’, ‘सहाव्या महिन्यात जड उचललंस’ असं बाळंतिणीला ऐकवलं जातं. खळगीचा ग्रहणाशी, विळीशी, पाण्याच्या हंड्याशी काडीचाही संबंध नाही. येणाजाणाऱ्याने ‘काय शे पोऱ्याले?’ विचारलं की उत्तर द्यायला घरातलं एकच माणूस नेमा, आणि ते आई नको. बाप सुरतेला किंवा पुण्याला असेल तर डॉक्टरांसमोर बसल्यावर त्याला फोनवर घ्या, म्हणजे रात्री आईला सगळं पुन्हा सांगावं लागत नाही आणि तिने काही चुकीचं ऐकलं अशी शंकाही निघत नाही. बाळंतीण दोन आठवड्यांहून जास्त उदास असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, तर तो तिचा स्वभाव नव्हे, त्यावर उपचार आहेत. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

सरकारी बाजू

फुकटात मिळणारं बरंच आहे, पण ते मागावं लागतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला आणि मज्जारज्जूचे जन्मजात दोष त्याच्या यादीत आहेत. अशा बाळांना जिल्हा पातळीवरच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात, पाठवायचं असतं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. यातल्या पहिल्याच भेटीत त्यांना बाळाची पाठ दाखवा आणि चिठ्ठी मागा. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर तर ही भेट म्हणजेच बाळाची पहिली नीट तपासणी असू शकते. तोंडी ‘जिल्ह्याला जा’ हे पुरेसं नाही. चिठ्ठीवर खळगीचं वर्णन, अंतर, बाळाचं वय आणि ‘मणक्याची सोनोग्राफी, कोनसची पातळी’ एवढं असलं की पुढच्या खिडकीवर वाद होत नाही. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात तपासण्या, औषधं आणि ने-आण विनामूल्य आहे, तेव्हा पैसे मागितले तर पावती मागा.

धुळे, जळगाव आणि नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे निदानापर्यंत जाता येतं. लहान बाळाच्या मणक्याची शस्त्रक्रिया ठरली तर मात्र नाशिक-मुंबईची तयारी ठेवावी. परळचं बाई जेरबाई वाडिया रुग्णालय खास मुलांचं आहे आणि भुसावळ-जळगाव-चाळीसगावकडून जाणाऱ्या बऱ्याच गाड्या दादरला थांबतात. नंदुरबारवाल्यांना सुरत जवळ वाटते. जायला हरकत नाही, पण शस्त्रक्रिया महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून करायची असेल तर तिकीट काढण्याआधी आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या या योजनेच्या माणसाला) विचारा की ते रुग्णालय यादीत आहे का आणि ही शस्त्रक्रिया तिथे मंजूर होते का. रेशनकार्डावर बाळाचं नाव नसेल तर जन्मदाखला बरोबर घ्या.

पोटात असतानाच शंका आली असेल तर रस्ता वेगळा. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत मणक्याबरोबर डोक्याचा आकार आणि लहान मेंदू पाहतात, कारण उघड्या दोषाच्या खुणा आधी तिथे दिसतात. शंका असेल तर फीटल मेडिसिनच्या, म्हणजे पोटातल्या बाळाच्या, तज्ज्ञाकडे लगेच, पुढच्या महिन्यात नव्हे: २०२१च्या दुरुस्तीनंतर २४ आठवड्यांपुढचा गर्भपात गंभीर दोषात वैद्यकीय मंडळाच्या परवानगीनेच होतो. बाळ ठेवायचं ठरलं तर न्यूरोसर्जन असलेल्या ठिकाणीच बाळंतपण ठरवा. उघडी गाठ घेऊन जन्मलेल्या बाळाला पालथं किंवा कुशीवर ठेवायचं, गाठीवर निर्जंतुक सलाइनने ओली केलेली गॉज आणि वरून स्वच्छ प्लास्टिक, आणि शस्त्रक्रिया पहिल्या दोन-तीन दिवसांत. उघड्या दोषाचं बाळ झालेल्या आईला पुढच्या गरोदरपणाआधी फॉलिक अॅसिडचा डोस नेहमीच्या ४०० मायक्रोग्रॅमऐवजी ४ मिलिग्रॅमचा लागतो. तो दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधी सुरू व्हावा लागतो आणि डॉक्टरांनीच लिहून द्यावा लागतो.

रिपोर्ट चांगला आला तरी फाइल रद्दीत घालू नका. सोनोग्राफीची सीडी, पट्टीसह काढलेला खळगीचा फोटो आणि डोक्याच्या घेराच्या नोंदी एका पिशवीत ठेवा. मूल चालायला लागताना, लघवी-शी सांगायला शिकताना आणि नंतर उंची झपाट्याने वाढते त्या वर्षांत पाय लंगडणं, एक पाऊल वाकडं होणं, सुटलेली लघवी पुन्हा कपड्यात होऊ लागणं, हट्टी बद्धकोष्ठ, पाठदुखी, पाठीला बाक यातलं काही आलं, तर हीच पिशवी घेऊन जा.